भाता, पिशवी आणि एकटी नळी

आखातात निघालेल्या माणसाला निरोप देताना आपल्याकडे कोणी रडत नाही, फर्माइशी सांगतात. मी चाललो होतो अबू धाबीला, पण सांगलीत त्याला दुबईच म्हणत. मेव्हण्याला टॉर्च हवी होती, शेजारच्या काकूंना केशर, आणि आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांना, मी जातोच आहे तर, मुलासाठी एक नोकरी. बायकोनं, शुभदानं, काहीच मागितलं नाही. ती शाळेत गणित शिकवते. मुंबईला सहार विमानतळाच्या दाराशी ती एवढंच म्हणाली, "वर्षाचाच तर प्रश्न आहे. आणि हे बघा, एकटे असाल म्हणून तिकडे उगाच नवीन काही सुरू करू नका. तुम्ही सुरू केलेलं मला आवरावं लागतं."

मी मान डोलावली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी पन्नाशी ओलांडली होती, आणि नवीन काही सुरू करण्याचं माझं वय गेलं अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

विमान उतरताना खाली समुद्र होता आणि त्याच्या कडेला, कुणी पट्टीनं आखावं तसं, शहर. विमानतळाच्या आत निळ्या-हिरव्या फरश्यांची एक अवाढव्य छत्री उभी केलेली आहे. तिच्याखाली गेलं की आपण फार मोठ्या घरी आलो आणि कपडे चुकीचे घातले, असं वाटतं. घ्यायला मोघे आले होते. मोघे मूळचे दादरचे. आमच्याच कंपनीत बऱ्याच वर्षांपासून, बायको-मुलीसह तिथे रुळलेले. गाडीत बसताच त्यांनी ए.सी. सोडला, पहिल्या सिग्नलला रस्त्याकडेची हिरवळ दाखवली आणि ती स्वतः पेरल्यासारखे म्हणाले, "बघा कुलकर्णी! वाळवंट आहे हे, वाळवंट!"

माझं काम समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याचं. त्या हिरवळीचा प्रत्येक घोट कुठून आणि किती खटपटीनं येतो हे मला ठाऊक होतं. त्यामुळे ती पाहून डोळे निवण्याऐवजी मला तहान लागली.

पुढे एका चौकात दोन मजली कॉफीची किटली लागली. सिमेंटची, पांढरीशुभ्र. तिच्या शेजारी तेवढंच मोठं धूपदान. मोघ्यांना वाटलं मी थट्टा करणार. पण मला ते आवडलं. आमच्याकडे चौकाचौकात पुढारी उभे असतात. किटलीतून निदान कुणाच्या तरी कपात कधीतरी काहीतरी पडलं असेल.

कंपनीनं दिलेला फ्लॅट पाचव्या मजल्यावर होता. खिडकीत बसवलेला एक ए.सी., स्वयंपाकघरात एक जुना फ्रिज, दोन खोल्या आणि मी. आठवड्याचे दिवस कामात जात. शुक्रवार जात नसे. दुपारच्या नमाजापर्यंत रस्ते ओस, दुकानं बंद. नंतर कॉर्निशवर (समुद्रालगतच्या रस्त्यावर) कुटुंबं चटया पसरून बसत, कोळशावर मांस भाजत. मी त्यांच्यामधून चालत टोकाच्या कारंज्यापर्यंत जाई, वाटेत करक (उकळून गडद केलेला दुधाचा चहा) घेई आणि परत येई. मग टेलिफोन बूथसमोरची रांग. रांगेत मल्याळी, बंगाली, पठाण. सगळ्यांच्या हातात तेच कार्ड आणि चेहऱ्यावर तोच हिशेब, की आज कुणाशी बोलायचं आणि कुणाला राहू द्यायचं.

"जेवलात?" शुभदा विचारी.

"जेवलो."

"काय?"

"खुबूस. म्हणजे इथली पोळी."

"आणि पोळीबरोबर?"

तेवढ्यात कार्ड संपे. मी तिथेच उभा राहून रिसीव्हरला सांगे की वांग्याची भाजी होती.

असा एक शुक्रवार. मी न्हाणीघरात कपडे धुत होतो आणि वरच्या झरोक्यातून सनईचा आवाज आला.

सनई नव्हती. पण सनईच्या घराण्यातलं काहीतरी होतं, जरा नाकातलं, जरा रडवं, आणि त्याच्याखाली एक जाड, न हलणारा सूर. आमच्या सांगलीच्या गल्लीत देवळासमोर पहाटे सनई वाजे. तिच्या शेजारी दुसरा एक वादक बसलेला असे. त्याच्या हातातही सनईच, पण तिला भोकं नसल्यासारखीच. तो जन्मभर एकच स्वर धरून बसे. त्या वाद्यालाच 'सूर' म्हणतात. लहानपणी मला सनईवाल्यापेक्षा त्याचंच नवल वाटे. अबू धाबीच्या न्हाणीघरात, कोपरापर्यंत साबणात असताना, मला तो माणूस दिसला. मग वरचं वाजणं थांबलं. मी हात पुसले आणि जिना चढलो.

दार उघडलं ते पांढऱ्या भुवयांच्या, अर्ध्या चड्डीतल्या एका उंच गोऱ्या माणसानं. त्याच्या उजव्या कोपराला पट्ट्यानं एक छोटा भाता बांधलेला होता, लोहाराचा असतो तसा. डाव्या बगलेत कातडी पिशवी आणि तिला लोंबणारा काळ्या नळ्यांचा जुडगा.

"तक्रार असेल तर थांबतो," तो म्हणाला.

"तुम्ही थांबलात म्हणूनच आलो," मी म्हणालो.

तो बाजूला झाला. आत ए.सी. बंद होता. खुर्च्यांवर ओले टॉवेल वाळत घातलेले, कोपऱ्यात पाण्यानं भरलेली बादली. मी विचारलं, घर धुवायला काढलंय का. तो म्हणाला, नाही, पत्तीसाठी. इथली ए.सी.ची हवा सगळं शोषून घेते. नळीच्या तोंडाशी थरथरून स्वर काढणारी वेताची पत्ती सुकली की वाद्य मांजरासारखं बोलतं.

त्याचं नाव फिन्टन. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, रस्त्यांची मोजणी करणाऱ्या कंपनीत सर्वेक्षक. लग्न न केलेला. वाद्याचं नाव इलन पाइप्स (इलन म्हणजे कोपराचे). मी म्हणालो, असं काहीतरी मी एका हॉटेलच्या उद्घाटनाला पाहिलं होतं, घागरे घातलेला बँड, केसाळ टोप्या. त्यानं तोंड वाकडं केलं. "ते स्कॉटिश. ते उभं राहून, फुंकून, मैदानात वाजवायचं. समोर एखादा राजा असला तर उत्तम. हे बसून, कोपरानं, स्वयंपाकघरात."

मग त्यानं वाजवून दाखवलं. भात्यानं पिशवीत हवा भरायची, पिशवी दाबली की हवा नळ्यांत. एक नळी, चँटर, बोटांनी वाजवायची. तीन नळ्या नुसता सूर धरतात. त्यांना ड्रोन म्हणतात. आणखी काही चाव्यांच्या नळ्या मनगटानं वाजतात, त्यांच्याकडे तुम्ही बघूही नका, असं त्यानं सांगितलं. मी त्याला आमच्या सूरवाल्याविषयी सांगितलं.

"जन्मभर एकच स्वर?" त्यानं विचारलं. "त्याला पगार असतो?"

"सनईवाल्यापेक्षा कमी."

"आम्ही त्याची नळी करून टाकली. पगार वाचला."

त्या दिवसापासून शुक्रवारला दुपार आली. मी वर जाई, ओल्या टॉवेलांमध्ये घाम पुसत बसे, आणि फिन्टन वाजवी. एकदा त्यानं भाता सोडवता सोडवता विचारलं, "शिकणार का?"

मी हसलो. तो हसला नाही. "मी एप्रिलमध्ये चाललो. कायमचा. तोवर शिकवतो. पण तुमचा स्वतःचा सेट पाहिजे. भाता-पिशवी ज्याच्या त्याच्या हाताला सवयीची व्हावी लागते, एकावर दोघं शिकत नाहीत. चांगल्या कारागिराकडे नंबर लावलात तर तो लागेपर्यंत तुम्ही इथून गेलेले असाल. म्हणून इथेच शोधा. प्रॅक्टिस सेट घ्या. भाता, पिशवी, चँटर. बस."

"आणि ड्रोन?"

"ते पुढे. आधी एकट्या नळीला सरळ बोलायला शिकवा. खाली सूर असला की चुका झाकल्या जातात."

झाकल्या जाव्यात हेच तर मला हवं होतं. मला वादक व्हायचं नव्हतं. एप्रिलनंतर वरून आवाज यायचा बंद होणार होता, आणि माझं वर्ष ऑक्टोबरपर्यंत होतं. तेवढा उन्हाळा त्या दोन खोल्यांत काढायला मला सूर धरणारं कुणीतरी पाहिजे होतं. नेमकं तेच सोडून बाकीचं घ्या, असं हा माणूस सांगत होता.

मोघ्यांना मी विचारायला नको होतं. त्यांना अर्धी वस्तू घेणं ही कल्पनाच सहन होत नाही. "शारजाला एक दुकान आहे," ते म्हणाले, "बँडचं सगळं मिळतं. यल्ला, चला, गुरुवारी संध्याकाळी जाऊ."

दुकानाच्या बाहेर ढोल टांगलेले होते. मालक बटसाहेब, पाकिस्तानातले, अतिशय अगत्यशील. चहा आला, खजूर आले, आणि मग लाल मखमलीची पेटी. तिच्यात अख्खा सेट. पितळ इतकं लखलखत होतं की मोघ्यांनी त्यात पाहून केस सारखे केले.

"फुल सेट है साहब," बटसाहेब म्हणाले. "आधी चीज़ लेके क्या करोगे?"

"बरोबर बोलतायत," मोघे मला मराठीत म्हणाले. "हजार दिरहम. म्हणजे साडेअकरा हजार रुपये. अहो, यात नुसता टीव्ही येतो. हे दिवाणखान्यात ठेवलंत तर सांगलीत लोक बघायला येतील."

बटसाहेबांनी भाता बांधला आणि ड्रोन सुरू केले. दुकान भरून गेलं. त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. त्यांनी रिसीव्हर मानेशी धरला आणि एका गिऱ्हाइकाशी ट्रम्पेटच्या मालाविषयी बोलत राहिले; कोपर आपलं भाता दाबत होतं, सूर चालूच होता. माणूस दुसऱ्याच कामात आहे आणि तरी सोबत करतो आहे, हे घरातल्या माणसासारखंच वाटलं मला. फोन झाल्यावर मी म्हणालो, आता चँटरवर षड्ज लावा. त्यांनी लावला. तो ड्रोनच्या षड्जाशी जुळत नव्हता. थोडासुद्धा नाही. दोघं एका भिंतीआड राहून वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या भावांसारखे आपापलं सांगत होते.

मला ते ऐकू आलं. मोघ्यांना आलं नाही. बटसाहेबांना आलं असावं, कारण त्यांनी लगेच आणखी चहा मागवला. आणि तरीही मी त्या पेटीवरचा हात काढला नाही. "पुढच्या आठवड्यात सांगतो," मी म्हणालो.

"इन्शाल्ला. आपके लिए अलग रखता हूँ," ते म्हणाले. ती पेटी दुसरं कुणी नेईल ही भीती त्या दुकानात माझ्याखेरीज कुणाला नसावी.

फिन्टननं दुसरं एक नाव दिलं होतं: नोरा, अल ऐनच्या एका शाळेतली शिक्षिका. पूर्वी त्याची शिष्या. तिच्याकडे एक प्रॅक्टिस सेट पडून होता. तो स्वतः साइटवर अडकलेला, म्हणून पुढच्या गुरुवारी कामावर अर्धी सुट्टी टाकून मी एकटाच निघालो. बसस्टँडवरून शेअर टॅक्सी. चालक पठाण, त्यानं निघताना एक कॅसेट लावली आणि अल ऐन येईपर्यंत तीच उलटसुलट केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांची ओळ, प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाण्याची बारीक काळी नळी, आणि ओळीच्या मागे लगेच वाळू. सुरुवातीला ती पांढुरकी असते, पुढे पिवळी, आणि अल ऐन जवळ आलं की विटेसारखी तांबडी. मधल्या थांब्यावर चालकानं संत्रं सोलून सगळ्यांना वाटलं. शेजारच्यानं मला विचारलं, कुणाकडे चाललात? मी म्हणालो, एक बाजा बघायला. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. लग्न ठरलं असावं अशी त्याची समजूत झाली.

नोराचं बैठं घर खजुरांच्या बागेला लागून होतं. बागेतून फलज (डोंगरातून आणलेला पाण्याचा जुना पाट) वाहत होता, आणि इतक्या लांबून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर आलेलं ते पाणी पाहून माझ्यातल्या इंजिनिअरनं मनातल्या मनात टोपी काढली. नोरा चाळिशीची, चटपटीत बाई. तिनं चहा आणि घरचा पाव दिला आणि कपाटाच्या तळातून एक पिशवी ओढून काढली.

"एक हिवाळा शिकले फिन्टनकडे. मग बदली होऊन इथे आले. एकटीनं वाजवून बघितलं काही दिवस."

"मग?"

"मग टेनिस शिकले."

सेटमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. एक काळी नळी. पिशवीला कुठल्याशा पडद्याचं हिरवं कापड शिवलेलं. भात्याचं कातडं कडेला तडकलेलं. तिनं भाता बांधून प्रयत्न केला. गंजलेलं दार उघडावं तसा एक करकराट झाला आणि मग तोही बंद.

"मेलं वाटतं," ती म्हणाली. "पण घेऊन जा. फिन्टनला दाखवा. नाही पटलं तर परत आणा." मग जरा थांबून, "परत आणलंत तरी चालेल. कुणीतरी येईल तेवढंच."

परतीच्या प्रवासात ती पिशवी मांडीवर होती आणि मन शारजाच्या मखमलीत. फिन्टन शुक्रवारशिवाय येणार नव्हता. घरी पोचलो, ए.सी. लावला, आणि मला वाट पाहवेना.

आमच्या गल्लीतल्या सनईवाल्याच्या गळ्यात दोऱ्याला पत्त्या लटकत. वाजवण्याआधी तो त्यातली एक तोंडात घाली आणि भिजेपर्यंत ती तशीच ठेवून गावच्या गप्पा मारी. पत्ती ओली झाल्याशिवाय बोलत नाही, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. मी चँटरच्या डोक्यावरची टोपी काढली, आतली पत्ती अलगद ओढली आणि जिभेवर ठेवली. चांगली भिजवली. परत बसवली, भाता बांधला, कोपर दाबलं.

वाजलं. एकच स्वर, खणखणीत, खोली उजळल्यासारखा. मी आनंदानं ओरडलो असेन. पुढच्या दमाला त्याची गुळणी झाली, आणि मग काहीच नाही. सकाळपर्यंत ए.सी.नं ती पत्ती वाळवली होती आणि तिला उभी चीर गेली होती.

फिन्टननं ती उजेडात धरली. "तुम्ही हे तोंडात घातलं होतं?"

"आमच्याकडे घालतात."

तो हसला, डोळे पुसेपर्यंत हसला. मग हसू थांबलं. "भाता कशासाठी आहे असं वाटलं तुम्हाला? शोभेला? या पत्तीला माणसाच्या तोंडची वाफ लागू नये म्हणून तर ही सगळी कोपराची यातायात."

पत्ती करायला वेत लागतो, आणि तो वेत त्याच्या गावी. त्याच्याकडे जास्तीची अशी एकच पत्ती उरली होती, स्वतः केलेली, स्वतःच्या सेटसाठी राखलेली.

"ती देतो," तो म्हणाला. "पण आधी ठरवा. हा, की शारजाचा?"

मी शारजाचं सगळं सांगितलं. मखमल, पितळ, फोनवर बोलता बोलता चाललेला सूर. चँटर जुळत नाही हेही सांगितलं.

"कानाला कळलं?"

"कळलं."

"आणि तरी हवा?"

"घरात दुसरं कुणी नसतं," मी म्हणालो.

हे वाक्य मी कुणाला मराठीत म्हटलं नव्हतं. इंग्रजीत निघून गेलं. परक्या भाषेचा तेवढा एक उपयोग असतो.

फिन्टन उठला, एक टॉवेल बादलीत बुडवून पिळला, परत खुर्चीवर नीट पसरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "न जुळणारा सूर म्हणजे सोबत नव्हे, के. ते भिंतीपलीकडचं भांडण. वर्षभर ऐकाल आणि शेवटी स्वतःचा स्वरही विसराल." मला तो 'के' म्हणे, कुलकर्णी त्याला जमत नसे. "मी आहे तोवर सूर मी धरतो. नंतरचं नंतर."

"आणि नंतर?"

"नंतर नसेल. खोटं कशाला सांगू?"

मी हिरव्या कापडाची पिशवी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं आपली पत्ती काढली, ब्लेडनं एका बाजूनं जरा खरवडली, तिच्यावरची तांब्याची तार केसभर खाली घेतली आणि नोराच्या नळीत बसवली. मग स्वतःच्या कोपरानं वाजवून पाहिलं. साधा, कोरडा, सरळ स्वर आला.

"शारजा खलास," मोघ्यांना मी ऑफिसात सांगितलं.

"म्हणजे अर्धंच घेतलं? तेही वापरलेलं?" ते खरोखर दुखावले होते. "कुलकर्णी, लोक इथून सोनं नेतात. तुम्ही सायकलचा पंप नेणार!"

बटसाहेबांना मी फोन केला. ते मुळीच रागावले नाहीत. "कोई बात नहीं साहब. सच बोलूँ तो वो दीवार पे ही अच्छा लगता है," ते म्हणाले, आणि तबला हवा असेल तर चौकशी करायला सांगितलं.

पुढचे शुक्रवार असे गेले: फिन्टन समोर बसे, स्वतःचा चँटर न वाजवता नुसते ड्रोन सुरू ठेवी, आणि मी त्यावर एकेक स्वर ठेवी. उजवं कोपर भात्यावर, डावं पिशवीवर, बोटं भोकांवर. तिघांचा एकमेकांशी परिचय करून देण्यातच हिवाळा संपला. एखादा स्वर सुरात पडला की त्याच्या भुवया वर जात. नाही पडला की तो खिडकीबाहेर बघे. एकदा मोघे सहकुटुंब जेवायला आले तेव्हा मी त्यांना एक साधी चाल ऐकवली. मोघेवहिनी म्हणाल्या, छान. मोघे म्हणाले, बकरं कापताय असं वाटलं क्षणभर. त्यांची शाळकरी मुलगी म्हणाली, "नो पपा, द गोट इज विनिंग." एवढं अचूक परीक्षण मी तोवर वाचलं नव्हतं.

एप्रिलमध्ये फिन्टनला सोडायला विमानतळावर गेलो. त्या छत्रीखाली तो आपली पेटी कुशीत घेऊन उभा राहिला. तो निदान एखादी ड्रोनची नळी माझ्यासाठी मागे ठेवेल अशी वेडी आशा मला शेवटपर्यंत होती. त्यानं ठेवली नाही. त्याचंही घर रिकामंच असणार होतं. "तोंडात घालू नका," एवढाच त्याचा निरोप होता.

मग उन्हाळा. ए.सी. चालू ठेवावा तर पत्ती सुकते. बंद ठेवावा तर माणूस भिजतो. मी बंद ठेवला. ओले टॉवेल, बादली, सगळं वरच्या मजल्यावरून माझ्या मजल्यावर आलं. फक्त सूर आला नाही. उघड्या स्वराची मला भीती वाटे. तो खोलीभर फिरून कुणी नाही असं सांगत परत येई. मग एकदा पाणी प्यायला गेलो तेव्हा लक्षात आलं की जुना फ्रिज घुमतो. षड्जात नाही, माझ्या मध्यमाच्या किंचित वर. पण स्थिर. मी खुर्ची स्वयंपाकघरात नेली. फिन्टन म्हणाला होताच, हे वाद्य स्वयंपाकघराचं.

फ्रिजबरोबर मी तो सगळा उन्हाळा वाजवलं. त्याला एकच खोड होती. चाल रंगात आली की तो एक झटका देऊन थांबे आणि मला मधेच एकटा सोडी. मी थांबत नसे. न थांबता पुढे जायला मी तिथे शिकलो, आणि शिकताना अनेकदा डोळ्यांत जे आलं ते घामच होता असं म्हणायला जागा आहे.

"नवीन काही सुरू केलं नाहीत ना?" शुभदानं बूथवरच्या फोनवर विचारलं.

"केलं."

"वाटलंच," ती म्हणाली, आणि कार्ड संपलं.

ऑक्टोबरात परतलो. सहारला कस्टमच्या टेबलासमोर लोकांचे टीव्ही, ब्लँकेटं, परफ्यूमचे खोके. माझ्या पिशवीतून भाता निघाला तसा अधिकारी सरसावून बसला.

"हे काय?"

"वाद्य."

"हे? वाजवून दाखवा."

मी सूटकेसवर बसलो, पट्टा बांधला आणि फिन्टननं शिकवलेली चाल वाजवली. मुंबईच्या दमट हवेत पत्ती अशी मोकळी बोलली की मीच दचकलो. रांगेतली माणसं वळून बघू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, सनई दिसते. एवढ्या मोठ्या दालनात खाली सूर नव्हता, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. अधिकाऱ्यानं खडूनं फुली मारली. "जा जा. पंपावर ड्युटी नाही."

सांगलीत मेव्हण्याला टॉर्च मिळाली, काकूंना केशर. काय काय बघितलंत, असं सगळे विचारत होते. मी किटली सांगितली, छत्री सांगितली, तांबडी वाळू सांगितली. खरं म्हणजे मी तिथे एक देश थोडा आणि एक खोली फार पाहिली होती. पण खोलीचं वर्णन ऐकायला कुणी बसत नाही.

लोक गेल्यावर शुभदानं शाळेतून घरी आणून ठेवलेली प्रार्थनेची हार्मोनियम पुढे ओढली. "वाजवा बघू, काय सुरू केलंत ते."

"खाली सूर लागतो त्याला."

"कुठला?"

"पांढरी दोन."

तिनं डाव्या हातानं पेटीचा भाता सुरू केला आणि उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर ठेवलं. सूर लागला. जुळला.

"किती वेळ धरायचा?"

"मी थांबेपर्यंत. कंटाळशील."

"कंटाळायचं काय त्यात," ती म्हणाली. "या घरात वर्षभर एकटीनं काय केलं मग मी?"

फोनवर मी तिला कधी विचारलं नव्हतं की ती काय जेवली. मी कोपराला भाता बांधला आणि सुरुवात केली. मध्यावर, जिथे फ्रिज थांबायचा तिथे, सवयीनं माझं अंग आखडलं. ती थांबली नाही.